पॉप सिंगलच्या इलेक्ट्रॉनिक बीटमध्ये हलगी बसवताना

वेग १२० बीपीएम (मिनिटाला १२० ठोके) धरा. म्हणजे एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा. कोल्हापुरी हलगी रेकॉर्ड करण्याआधी शेकून घ्या, पावसाळ्यात तर हमखास. कातडं सैल पडलं की कडकडाट जातो, आणि तो मिक्सिंगमध्ये परत आणता येत नाही. माइक दीड-दोन फुटांवर ठेवा, पातळी उणे १० डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. किक (बीटमधला जड ढोलाचा ठोका) आणि बेस एकमेकांत गुरफटले तर बेसवर साइडचेन कॉम्प्रेसर, म्हणजे किक वाजताच बेस क्षणभर दबतो; रिलीज, म्हणजे बेस परत वर यायचा वेळ, १५०-२०० मिलिसेकंद. गायिकेच्या आवाजावर ऑटोट्यून (सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर) मात्र बेतानं: रिट्यून स्पीड (सूर किती झटकन दुरुस्त करायचा ती सेटिंग) शून्यावर, म्हणजे सर्वांत झटपट, नेला की मुरकी (सुरांचं छोटं चपळ वळण) पायऱ्यांसारखी तुटते, आणि मुरकीच गेली तर गायिका ओळखू येत नाही. शेवटी फोनच्या स्पीकरवर ऐका. बेस गायब वाटला तर त्याला थोडं सॅच्युरेशन (आवाजात वरचे सूर मिसळणारी हलकी विकृती) द्या.