कोजागिरीला म्हाताऱ्या नवऱ्याची गोष्ट कशी सांगायची

यंदा गच्चीवर अंताक्षरी नको असेल तर इंग्रज कवी चॉसरची ही गोष्ट सांगा, १४ व्या शतकाच्या शेवटची, त्याच्या कँटरबरी टेल्स या यात्रेकरूंच्या गोष्टींच्या पुस्तकातला व्यापारी सांगतो ती. मी गेल्या वर्षी कॉलेज रोडला आमच्या सोसायटीत सांगितली आणि पार पोपट झाला, म्हणून माझ्या चुकांसकट सांगतो.

आधी लेक्चर देऊ नका. मी दरबारी प्रेम, म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या सरदार-उमरावांची प्रेमाची रीत, इथून सुरू केलं, त्या काळच्या आंद्रेआस कॅपेलानस नावाच्या लेखकाने प्रेमाचे ३१ नियम लिहिले, पहिलाच नियम की लग्न झालंय ही प्रेम न करायची सबब नाही, आणि मग उरलेले पण सांगत बसलो, तोवर दुधावर साय धरली. पहिला नियम सांगा, लोक हसले की पुढे.

सरळ म्हाताऱ्यावर या. जानेवारी नावाचा सरदार, साठी उलटलेली, जन्मभर मजा मारून आता लग्न करायचंय आणि मुलगी विशीच्या वर नको म्हणे! इथे रमा, स्थळं बघणं आपल्याला पाठ आहे. सल्ला द्यायला प्लासिबो, तो कशालाही अगदी बरोबर म्हणणार, आणि जस्टिनस, तो बिचारा स्वतः लग्नात पोळलेला, त्याचं कोण ऐकतंय. लग्नानंतरच्या सकाळी म्हातारा पलंगावर बसून गातो आणि गळ्याची लोंबती कातडी हलते. एवढंच बोला आणि गप्प बसा.

मग घरातलाच तरुण डेमियन. त्याचं प्रेम मात्र एकदम सिरीयसली सांगायचं, तो झुरतोय, अंथरूण धरलंय, चोरून चिठ्ठी देतोय, आणि तोच आवाज ठेवून सांगायचं की बायको, म्हणजे मे, ती चिठ्ठी संडासात जाऊन वाचते, फाडते आणि तिथेच टाकते. मी इथे स्वतःच आधी हसलो, गेला सगळा इफेक्ट.

पुढे म्हातारा आंधळा होतो, डेमियनला दुसरी किल्ली करता यावी म्हणून मे म्हाताऱ्याच्या बागेच्या किल्लीचा मेणात ठसा घेते, हे पटकन उरका. बागेत मे ज्या झाडावर चढते ते नासपतीचंच ठेवा. एक काका म्हणाले आपलं नाशिक आहे, द्राक्षबाग करा ना, पण मांडवावर चढणार कसं, आणि ही तर नवऱ्याच्याच पाठीवर पाय देऊन वर जाते, जिथे डेमियन आधीच बसलाय! तेवढ्यात प्लूटो देव म्हाताऱ्याची दृष्टी परत देतो, तो वर बघून बोंब मारतो, आणि मे म्हणते, अहो, तुमचे डोळे बरे व्हावेत म्हणूनच केलं, झाडावर परपुरुषाशी झटापट करायची हाच उपाय सांगितला होता मला. म्हाताऱ्याला पटतं. मे चा आवाज अगदी साधा ठेवा, भाजी आणायला गेले होते म्हणावं तसा.

कोणीतरी म्हणणारच की हे तिकडचं, आपल्यात नसतं असलं. वाद नको, नाथांचं 'दादला नको गं बाई' सुरू करा. १६ व्या शतकातलं भारूड, आत अध्यात्म आहे हो, पण वरवर बाई मोडक्या घराची नि फाटक्या लुगड्याची तक्रारच करतेय ना. आमच्याकडे पोपट झाल्यावर एका आजींनी हेच सुरू केलं आणि सगळी गच्ची गायला लागली.

आणि दूध गोष्टीच्या आधी वाटून टाका.