फात्तिमान तेल का पितात, वातड का होतात? नॉर्वेच्या नाताळातल्या तळणीत या चुका टाळा

डिसेंबर लागला की नॉर्वेत घरोघरी पत्र्याचे डबे बाहेर निघतात. नाताळाला सात प्रकारच्या कुकीज झाल्याच पाहिजेत अशी जुनी रीत आहे (कुठले सात यावर घराघरात वेगळं मत, ते भांडण मिटायचं नाही) आणि त्यातले काही प्रकार ओव्हनमध्ये जातच नाहीत, सरळ तळायचे असतात. फात्तिमान म्हणजे मध्ये चीर देऊन टोक आरपार ओढलेले शंकरपाळ्याच्या आकाराचे पातळ तुकडे, यॉर्टेटाक म्हणजे बाहेरून काप दिलेली छोटी कडी, रोझेट म्हणजे साच्यावर तळलेली जाळीदार फुलं, आणि मऊ डोनटसारखे स्मुल्ट्रिंगर. डेन्मार्क, स्वीडन, आइसलंडमध्येही फात्तिमानची भावंडं सापडतात.

आता आपण मराठी माणसं दिवाळीला किलोकिलोने तळण काढणारी, त्यामुळे रेसिपी वाचली की वाटतं हा तर डाव्या हातचा मळ, आणि नेमकं तिथेच फसतं. शंकरपाळ्याला पीठ घट्ट, मोहन कडकडीत आणि आच मंद, हे हातात इतकं बसलेलं असतं की फात्तिमान करतानाही हात तेच करतात. इथे पीठ मऊ हवं, चांगलं थंड हवं, मोहन लागत नाही आणि तेल चांगलं तापलेलं हवं. बिघडलेल्या दहा घाण्यांपैकी बहुतेकांचं मूळ यातच असतं, म्हणून सगळ्यात जास्त वेळ यावरच घालवते.

पीठ चिकट आहे म्हणून मैदा वाढवणं

ही सगळ्यात मोठी चूक. आधी प्रमाण बघा, ६ अंड्यांचे पिवळे बलक, साधारण ९० ग्रॅम साखर, १०० मिली घट्ट क्रीम, २ मोठे चमचे ब्रँडी किंवा कोन्याक, १ छोटा चमचा वेलदोड्याची पूड, आणि मैदा २५० ते ३०० ग्रॅम. हे सगळं एकत्र केलं की जो गोळा होतो तो हाताला चिकटतो, बोटांवर येतो, बघून वाटतं की हे लाटणार कसं, आणि मग मूठभर मैदा, अजून एक मूठ, असं करत करत पीठ पुरीच्या कणकेसारखं होतं. लाटायला मस्त, तळल्यावर दगड.

तसं करू नका. चिकट गोळा तसाच प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा, चपटा करून (चपटा केला की आतपर्यंत लवकर गार होतो) रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी तोच गोळा लाटता येतो कारण क्रीममधलं आणि बलकातलं फॅट थंडीने घट्ट होतं आणि मैद्यानेही ओल शोषलेली असते. दोन तासांत काम होईल असं बऱ्याच जणांना वाटतं, होत नाही, निदान मला तरी ते पटत नाही. तळायच्या आदल्या संध्याकाळीच पीठ करून ठेवायचं.

आणि लाटतानाही सगळा गोळा बाहेर काढायचा नाही, पाव हिस्सा काढायचा, बाकीचा परत आत. मुंबईत डिसेंबरातही ओट्यावर पीठ दहा मिनिटांत ढिलं पडतं. ओस्लोत राहत असाल तरी बाहेर बर्फ आहे म्हणून निवांत राहू नका, तिथे घरं आतून छान गरम असतात आणि शेजारी तळणीचं पातेलं तापत असतं. पीठ लाटण्याला चिकटायला लागलं की मैदा भुरभुरण्याआधी पाच मिनिटं पोळपाटासकट फ्रीजमध्ये सरकवा.

मळणं आणि मोहन

मळायचं नाहीच. मैदा घातला की चमच्याने किंवा हाताने फक्त एकत्र येईपर्यंत गोळा करायचा आणि थांबायचं. आपल्याला पीठ दिसलं की मळायची सवय, पण मळलं की ग्लूटन तयार होतं, मग लाटलेली पोळी रबरासारखी आक्रसते आणि तळलेला तुकडा खुसखुशीत व्हायच्या ऐवजी वातड होतो. लाटताना पोळी मागे मागे येत असेल तर समजा मळलं गेलंय, पंधरा-वीस मिनिटं गार जागी पडू द्या, थोडं सावरतं.

मोहन घालू का हा प्रश्न हमखास येतो. नको. सहा बलक आणि क्रीम यात फॅट पुरेसं असतं, वरून तेल-तूप घातलं तर तुकडा तळताना विरघळल्यासारखा होतो. काही नॉर्वेजियन घरांत थोडं वितळलेलं बटर घालतात हे खरं, पण ते त्यांच्या प्रमाणात बसवलेलं असतं, तुम्ही अंदाजे घालू नका.

ब्रँडी नको असेल तर तेवढंच क्रीम आणि एका लिंबाची किसलेली साल घाला, चालतं. ब्रँडीचा वास तर येतोच, शिवाय पाण्याने जसं ग्लूटन वाढतं तसं अल्कोहोलने वाढत नाही, म्हणून ती तिथे आहे. तिच्याऐवजी दूध किंवा पाणी घालणं मात्र चुकीचं.

साखर, अंडी, क्रीम: इथे भारतातलं सामान जरा वेगळं पडतं

आपली साखर दाणेदार, नॉर्वेतली बरीच बारीक. मोठा दाणा बलकात नीट विरघळत नाही, मग तळताना त्या जागी काळे ठिपके पडतात आणि तुकडा तिथून तेल पितो. मिक्सरला फिरवून घ्या आणि बलकांबरोबर फेटा, रंग फिका होऊन मिश्रण दाटसर होईपर्यंत, घाई नको. साखर जास्तही घालू नका, गोड कमी वाटलं तर वरून पिठीसाखर आहेच, पिठात जास्त साखर म्हणजे बाहेरून लाल आणि आतून कच्चं.

अंडी आपल्याकडे लहान असतात, त्यामुळे ६ बलक म्हणजे नक्की किती हे वजन करून बघितलेलं बरं, साधारण ११० ग्रॅम यायला हवं, कमी असेल तर सातवा बलक टाका. पांढरा भाग अंदाजाने ओतू नका, त्याने कुकी कडक होते.

क्रीमचं जास्त महत्त्वाचं. नॉर्वेत यासाठी जे क्रीम वापरतात त्यात ३७-३८ टक्के फॅट असतं, आपल्याकडचं टेट्रापॅकमधलं फ्रेश क्रीम बहुतेक २५ टक्क्यांचं, ते फेटून उभं राहत नाही आणि पीठ पातळ करतं. ३५ टक्क्यांच्या वरचं डेअरी क्रीम मिळालं तर उत्तमच, नाही मिळालं तर फ्रेश क्रीम डबा न हलवता रात्रभर गार करून वरचा घट्ट थर घ्या. केकवाले वापरतात ते गोड व्हेजिटेबल व्हिपिंग क्रीम मात्र अजिबात नको, त्यात साखर आधीच असते आणि चव मेणचट लागते.

वेलदोड्याबद्दल एवढंच की ताजी कुटा. जायफळ, केशर वगैरे घालायचा मोह होतो, घाला हवं तर, पण मग त्याला फात्तिमान म्हणू नका.

तेलाचं टेम्परेचर, म्हणजे खरी परीक्षा

१८० डिग्री. यात घासाघीस नाही. शंकरपाळी मंद आचेवर दहा मिनिटं तळली तर आतपर्यंत खुसखुशीत होतात कारण पीठ घट्ट आणि जाड असतं, फात्तिमान २-३ मिलिमीटर जाडीचे, दीड-दोन मिनिटांत दोन्ही बाजूंनी झाले पाहिजेत. १५०-१६० वर टाकलेत तर तुकडा तळाशी बसतो, रंग येईपर्यंत तेल पीत राहतो आणि टिश्यूवर काढला की टिश्यू भिजतो. याउलट २०० ला टाकलात तर अर्ध्या मिनिटात तपकिरी आणि मधली गाठ कच्ची.

माझं स्पष्ट मत आहे की थर्मामीटर घ्याच. तोवर लाकडी चमच्याचं टोक तेलात धरा, भोवती बारीक बुडबुडे पटापट आले पाहिजेत, किंवा पांढऱ्या ब्रेडचा तुकडा टाका, मिनिटभरात सोनेरी झाला तर साधारण बरोबर. पण हे फक्त पहिल्या घाण्याला सांगतं, खरी गडबड दुसऱ्या-तिसऱ्या घाण्याला होते. फ्रीजमधून आलेले थंड तुकडे कढईत पडले की टेम्परेचर धाडकन खाली येतं, म्हणून एका वेळी चार-पाचच टाका, काढल्यावर तेल परत १८० ला येऊ द्या आणि मगच पुढचे. लहान पसरट कढईपेक्षा जाड बुडाचं खोल पातेलं बरं, अर्ध्याच्या वर भरू नका.

काढायचं कधी? तुम्हाला वाटतं त्याच्या थोडं आधी, फिका सोनेरी रंग आला की, कारण बाहेर काढल्यावरही रंग चढत राहतो.

तळायला काय वापरायचं यावरही वाद. नॉर्वेत पारंपरिक म्हणजे डुकराची चरबी, तिला स्मुल्ट म्हणतात, स्मुल्ट्रिंगरचं नावही तिथूनच. ती गार झाली की घट्ट होते त्यामुळे कुकी हाताला तेलकट लागत नाही. साध्या रिफाइंड तेलात तळलेली थोडी तेलकट वाटणार, त्यात तुमची चूक नाही. ज्यांना चरबी चालत नाही त्यांनी वास नसलेलं रिफाइंड खोबरेल वापरावं, तेही गारव्यात घट्ट होतं. चरबी १९० च्या आसपास धुरायला लागते, म्हणजे मोकळीक फार कमी, तेव्हा पातेलं गॅसवर ठेवून फोन घ्यायला जाऊ नका. पेट घेतला तर गॅस बंद, वर झाकण, पाणी कधीही नाही.

आकार उसवणं, गाठ तुटणं

आपलं करंजीचं कातण इथे झकास चालतं. ८-१० सेंटिमीटर लांबीचे तिरके चौकोन कापा, मध्ये उभी अडीच-तीन सेंटिमीटरची चीर, एक टोक त्यातून आरपार ओढायचं. चीर कडेच्या फार जवळ गेली तर टोक ओढतानाच फाटतं, लहान पडली तर टोक अडकून गोळा होतो आणि तो गोळा आत कच्चा राहतो. ओढून झाल्यावर गाठ आवळू नका, सैल राहू द्या. वरचा जादा मैदा ब्रशने झटका, नाहीतर तो तेलात गळून जळतो आणि चौथ्या-पाचव्या घाण्याला सगळ्यांवर काळी कुसळं आणि कडवट चव. तसं झालंच तर तेल थोडं निववून गाळा. उरलेल्या कडा परत एकत्र करून लाटल्या की थोड्या कडक होणारच, त्या एकदाच लाटा.

यॉर्टेटाकला अमोनियाचा वास

यात फुगवण्यासाठी अमोनियम बायकार्बोनेट घालतात, आपल्याकडे बेकरीवाले त्याला नुसतं अमोनिया म्हणतात. तापलं की त्याचा अमोनिया, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ होऊन उडून जातं, पण उडायला वाट हवी. म्हणून वळी करंगळीएवढीच ठेवा. जाड केलीत तर आतली ओल अमोनिया धरून ठेवते आणि पहिल्याच घासाला नाकात झणका बसतो. तळताना वास येणार, तो येऊ दे, खिडकी उघडा. कच्चं पीठ चाटू नका. आणि वर्षभर झाकण सैल राहिलेल्या बरणीतली पावडर आपोआप उडून गेलेली असते, मग कडी फुगतच नाही. बेकिंग पावडर चालते पण पोत जरा पावासारखा होतो.

रोझेट साच्याला चिकटतात

ज्यांच्याकडे नाताळात रोझ कुकीज होतात, म्हणजे गोव्याकडचे, मंगळुरी किंवा केरळात अचप्पम करणारे, त्यांना हे नव्याने सांगायला नको, साचा तोच चालतो, फक्त तांदळाचं पीठ आणि नारळाच्या दुधाऐवजी इथे मैदा, अंडी आणि साधं दूध. साचा तेलातच तापवायचा, टिश्यूवर क्षणभर टेकवून जादा तेल टिपायचं, मग पिठात बुडवायचा पण वरच्या कडेपर्यंत नाही, पीठ कडेवर चढलं की फूल सुटायचं नाव घेत नाही. साचा गार असेल तर पीठ त्यालाच चिकटून बसतं, फार तापला तर पीठ धरतच नाही. फेटल्यावर पीठ अर्धा तास ठेवा म्हणजे बुडबुडे बसतात. साचा साबणाने घासू नका, पुसून ठेवा.

स्मुल्ट्रिंगरचं थोडक्यात, त्याचं पीठ तर याहून मऊ असतं, तिथेही मैदा वाढवायचा नाही, आणि ते त्याच दिवशी खायचे किंवा फ्रीझरमध्ये. डब्यात ठेवून आठवड्याने पाहुण्यांपुढे ठेवायची ती गोष्ट नाही.

डब्यात गेल्यावर मऊ पडणं

कोमट असताना डबा लावला तर आत वाफ धरते, मग कितीही छान तळलेलं असो. पूर्ण गार, मग हवाबंद पत्र्याचा डबा, थरांमध्ये बटर पेपर. फात्तिमान असे दोन-तीन आठवडे टिकतात. पण यॉर्टेटाक आणि फात्तिमान एकाच डब्यात नकोत, मऊ कुकीची ओल कुरकुरीत कुकी ओढून घेते आणि दोन्ही बिघडतात, नॉर्वेत प्रत्येक प्रकाराला वेगळा डबा असतो तो उगाच नाही. पिठीसाखर आधीच भुरभुरून ठेवू नका, ती ओलसर होऊन गोळे होतात, ताटात मांडताना वरून चाळा. मऊ पडलेच असतील तर १५० डिग्रीच्या ओव्हनमध्ये चार-पाच मिनिटं, गार झाल्यावर परत कुरकुरीत होतात, फक्त त्याआधी साखर लागलेली नसावी.

राहिले सहा अंड्यांचे पांढरे भाग. नॉर्वेत त्यांचं आणि बदामाच्या पिठाचं क्रान्सेकाके करतात, एकावर एक रचलेल्या कड्यांचा केक, पण त्याला साचे लागतात आणि तो वेगळाच दिवसभराचा उद्योग आहे. फ्रीझरमध्ये डबीत टाका, वर किती अंड्यांचे ते लिहून ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी कांदा-मिरची घालून ऑम्लेट.