टेक्सासात तेल-वायूचं लीज: छापील फॉर्मला आपलं एक पान जोडा

टेक्सासात जमिनीखालचं तेल खासगी मालकीचं असू शकतं, म्हणून ते काढण्याचा हक्क ठरावीक मुदतीसाठी (म्हणजे लीजवर) मागायला कंपनीचा माणूस थेट मालकाच्या दारात येतो. हातात ‘प्रोड्यूसर्स ८८’ छापलेला फॉर्म, तोंडी “हा स्टँडर्डच आहे.” तसं काही नसतं. या नावाखाली कितीतरी वेगवेगळे मसुदे फिरतात, बहुतेक कंपनीच्याच सोयीचे.

फॉर्मवर खाडाखोड करत बसू नका. वेगळी पुरवणी जोडा. पहिली ओळ: “छापील मजकुराशी विसंगती आल्यास ही पुरवणी ग्राह्य.” मग:

१. रॉयल्टी (उत्पादनातला तुमचा वाटा) १/८ देऊ केली तर १/४ मागा, १/५ च्या खाली शक्यतो उतरू नका.
२. वाहतूक, प्रक्रिया, कॉम्प्रेशन (वायू दाबणं) यांचा खर्च रॉयल्टीतून कापायचा नाही. खरी गळती इथेच होते.
३. मूळ मुदत ३ वर्षं; तोवर उत्पादन सुरू झालं नाही तर लीज संपतं.
४. प्यू क्लॉज (उत्पादनात न आलेली जमीन लीजमधून सोडवणारं कलम) घाला, म्हणजे कोपऱ्यातल्या एका विहिरीपायी बाकीचे दीडशे एकर अडकून पडत नाहीत.

मात्र रॉयल्टी ‘विहिरीपाशी बाजारभावाने’ असे शब्द कुठे राहिले, तर कपातबंदी कागदावरच राहते, कारण विहिरीपाशीचा भाव म्हणजे हे खर्च वजा करूनच काढलेला भाव; १९९६ मध्ये टेक्सास सुप्रीम कोर्टात हेच झालं. वरचं कलम क्र. २ तेल-वायूच्या वकिलाकडूनच लिहून घ्या.