बेसमेंटात पाणी आलं? आधी छपराकडे बघा

गळती म्हटलं की आपली नजर वर जाते. गच्ची, स्लॅब, वरच्या मजल्यावरचं बाथरूम. न्यू जर्सीत घर घेतलंत की पाणी भिंतीतून आणि जमिनीखालून येताना दिसेल. बर्फ वितळतो, मार्च-एप्रिलचा पाऊस त्यावर पडतो, माती भिजून गच्च होते आणि पायाच्या भिंतींवर पाण्याचा दाब येतो. भिंत आणि फरशी जिथे मिळतात त्या सांध्यातून ते आत शिरतं.

आमच्या पहिल्या वसंतात कोपऱ्यातला गालिचा भिजला. पाहायला आलेल्या कंत्राटदाराने बेसमेंटची फरशी चारही कडांनी फोडून आतून चर आणि पंप घालायचा खर्च सांगितला, तोही हजारो डॉलर्समध्ये. मी सही करणार होतो. त्याच रात्री पाऊस आला, म्हणून छत्री घेऊन घराभोवती फिरलो. छपराचं सगळं पाणी एका नळीतून नेमकं त्या कोपऱ्याच्या पायाशी पडत होतं. 1000 चौरस फूट छपरावर 1 इंच पाऊस पडला तर साधारण 2350 लिटर पाणी होतं. ते भिंतीलगत ओतलं तर भिंतीवरचा कुठला वॉटरप्रूफ रंग टिकणार?

कोकणातल्या घरांची पागोळी भिंतीपासून लांब पडते आणि पाणी वाहून न्यायला चर खणलेला असतो. तीच अक्कल इथेही चालते. इथे गटर म्हणजे छपराची पन्हळ. पानगळीनंतर ती साफ करून घ्या. तिच्या उभ्या नळीला, म्हणजे डाउनस्पाउटला, जोडनळी लावून पाणी पायापासून किमान 6 फूट लांब सोडा, पण शेजाऱ्याच्या अंगणात नव्हे. घरालगतच्या मातीला बाहेरच्या बाजूला उतार हवा : पहिल्या 10 फुटांत 6 इंच. माती खचून उतार घराकडे झाला असेल तर भर घाला. खोल खणायचं असेल तर आधी 811 ला फोन करा, ते जमिनीखालच्या गॅस-विजेच्या लाइन खुणा करून देतात.

उन्हाळ्यात भिंत ओली दिसली तर तो नुसता हवेतला दमटपणाही असू शकतो. प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवा आणि दोन दिवसांनी बघा. पाणी खोलीच्या बाजूला जमलं तर डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला दमटपणा शोषणारं यंत्र, पुरेल. मागे, भिंतीकडे जमलं तर पाणी बाहेरून झिरपतंय. भिंतीला लोणा लागला असेल तर तीही झिरपण्याचीच खूण. कधीकधी त्यावर वॉटरप्रूफ रंग फासून घर विकायला काढलेलं असतं, म्हणून घर बघताना ताज्या रंगाचा वास आला तर जरूर विचारा.

काँक्रीटच्या भिंतीतली एखादी उभी चीर इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन भरून बंद होते. आडवी चीर किंवा आत फुगलेली भिंत मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, आणि तो स्वतः दुरुस्तीचं काम विकणारा नसावा. बाहेरचं सगळं करूनही पाणी येत असेल, म्हणजे भूजलच वर येत असेल, तर आतला चर आणि सम्प पंप (फरशीतल्या खड्ड्यात, म्हणजे सम्पमध्ये, जमलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप) हा खरा उपाय आहे. पंपाच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून तो सुरू होतो का, हे दर दोन-तीन महिन्यांनी पाहा. बॅटरीवर चालणारा दुसरा पंप घ्याच, कारण वादळात वीज जाते. 1 सप्टेंबर 2021 ला आयडा वादळाचा पाऊस इथे कोसळला, तेव्हा तळघरं भरायला काही तासच लागले.

कंत्राटदाराची राज्याकडची नोंदणी तपासा. 500 डॉलर्सच्या वरचं काम लेखी करारानेच द्या. कराराची प्रत हातात आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत तो रद्द करता येतो.

नेहमीच्या गृहविम्यात पूर येत नाही. सम्प भरून वाहिल्याचं किंवा ड्रेनचं पाणी उलटं घरात आल्याचं नुकसानही बहुधा वेगळं जोडून घ्यावं लागतं. सरकारी पूरविमा साधारण 30 दिवसांनी लागू होतो आणि बेसमेंटातला गालिचा-फर्निचर त्यात धरत नाहीत. म्हणून गावाहून आणलेले फोटो, कागदपत्रं, आईच्या साड्या असं काहीही खाली ठेवू नका. पाणी आलंच तर 24 ते 48 तासांत सगळं कोरडं करा, नाहीतर बुरशी धरते. पाणी विजेच्या प्लगपर्यंत चढलं असेल तर आत पाय टाकू नका, आधी वीज कंपनीला फोन करा.