कौलारू घराची पन्हळ: पावसाआधीची सफाई आणि डागडुजी

कोकणात पाऊस बहुधा जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात धरतो, म्हणून हे काम मेच्या शेवटी काढा. फार आधी केलं तर आंबा-फणसाची पानं पुन्हा भरतात. सकाळीच आटपा, ऊन चढलं की पन्हळीच्या पत्र्याला हात लाववत नाही.

शिडी पन्हळीला टेकवू नका, कड वाकते. घोडा, म्हणजे स्वतःच्या पायांवर उभी राहणारी शिडी, सगळ्यात बरा. साधी शिडी असेल तर पडवीच्या खांबाला टेकवून वर बांधून घ्या, खाली एक माणूस उभा ठेवा. विजेची सर्व्हिस वायर कुठून येते ते आधी बघा. कौलांवर पाय नकोच. हातमोजे घाला आणि हात घालण्याआधी कचरा काठीने ढवळा: विंचू असतो, गांधीलमाश्यांचं पोळंही असतं.

पन्हळीतलं पाणी खाली नेणाऱ्या पाइपाच्या तोंडात फडक्याचा बोळा कोंबा, नाहीतर काढलेली घाण तिथेच जाऊन बसेल. वरची पानं हाताने निघतात. खाली कौलांची माती आणि शेवाळ यांचा घट्ट थर असतो, तो करवंटीच्या तुकड्याने ओढा. खुरपं वापरलं की जस्ताचा थर खरवडला जातो आणि पत्रा तिथूनच गंजायला लागतो. काढलेली माती झाडांच्या आळ्यात टाका.

पाइप तुंबतो तो बहुतेक वेळा वरच्या एल्बोत, म्हणजे वळणाच्या तुकड्यात. म्हणून वरचा एल्बो सोल्यूशनने चिकटवू नये, नुसता दाबून बसवावा. दरवर्षी काढून धुता येतो. तोंडावर मच्छरजाळी लावायचा मोह होतो, पण ती दोन सरींत पानांनी बंद होते. अर्ध्या इंची जाळीचा फुगीर गोळा बसवा, म्हणजे पानं खाली अडकली तरी वरून पाणी जातं.

आता बोळा काढून वरच्या टोकाला बादलीभर पाणी ओता आणि बघत राहा. सीलंटची नळी त्यानंतरच उघडायची, कारण बऱ्याच गळत्या भोकामुळे नसतातच, पन्हळीचा उतार बिघडल्यामुळे पाणी साचून सांध्यातून झिरपतं. दहा फुटांना साधारण एक इंच उतार हवा. लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) तपासा, जिथे झोल आहे तिथला पन्हळ धरणारा क्लॅम्प उचला. दोन क्लॅम्पमध्ये अडीच-तीन फुटांपेक्षा जास्त अंतर नको. साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डेंग्यूचे डास तयार होतात, ते वेगळंच.

सांध्यात वरच्या अंगाचा तुकडा खालच्या तुकड्याच्या आत बसलेला हवा, चार इंच तरी. उलटा असेल तर सिलिकॉन कितीही भरा, पाणी शिरणारच. सिलिकॉन कोरड्या, घासलेल्या पत्र्यावरच धरतं. सिमेंट नको, उन्हात पत्रा ताणतो, सिमेंट ताणत नाही, तडकतं. गंजलेली जागा तारेच्या ब्रशने घासून रेड ऑक्साइड, वर ऑइल पेंट.

शेवटची कौलं पन्हळीत दोनेक इंच आली आहेत ना? कमी असतील तर पाणी मागे वळून वाशांचे शेंडे कुजवतं.

पहिल्या मोठ्या पावसानंतर जाळीचा गोळा एकदा उचलून झटका. पुढचा झटका गणपतीच्या आधी.