बोट ठेवून दाखव, नक्की कुठे दुखतंय?

मूल मैदानावरून लंगडत आलं की आधी एका बोटाने दुखरी जागा दाखवायला सांगा. 'सगळा पाय दुखतो' यावरून काहीच ठरवता येत नाही.

वाढत्या हाडाच्या टोकाजवळ मऊ कूर्चेचा पट्टा असतो, तीच ग्रोथ प्लेट. हाडाची लांबी तिथून वाढते आणि वाढ संपेपर्यंत ती शेजारच्या लिगामेंटपेक्षा (हाडाला हाड जोडणाऱ्या पट्ट्यापेक्षा) कच्ची असते. मोठ्यांचं लिगामेंट ताणलं जावं एवढ्या हिसक्याने मुलाच्या प्लेटला इजा होऊ शकते. म्हणून घोटा मुरगळल्यावर बाहेरच्या हाडावर दाबून पाहा. दुखणं हाडाच्या खालच्या, मांसल भागात असेल तर बहुधा मुरगळच. हाडावरच कळ येत असेल किंवा आधाराशिवाय चार पावलंही टाकता येत नसतील, तर त्याच दिवशी एक्स-रे काढा. प्लेटची काही इजा पहिल्या एक्स-रेत दिसत नाही. रिपोर्ट नॉर्मल आला तरी हाडावरची कळ टिकली, तर पुन्हा दाखवायलाच हवं.

पहिले दोन दिवस खेळ बंद. टॉवेलात गुंडाळलेला बर्फ दर दोन-तीन तासांनी 15 ते 20 मिनिटं लावा, पाय छातीच्या पातळीच्या वर ठेवा आणि क्रेप बँडेज बांधा. बोटं निळसर किंवा बधिर झाली तर बँडेज लगेच सैल करा. तेल लावून चोळणं, शेक देणं आणि हाडवैद्याकडून ओढून घेणं या तिन्ही गोष्टी टाळा. आजीचा आग्रह असला तरी. कोपर सुजून वाकडं दिसत असेल तर सरळ करू नका. आहे तसंच झोळीत आधार द्या, खायला-प्यायला देऊ नका (भूल द्यावी लागू शकते) आणि 108 ला फोन करा.

आता न पडताच दुखणाऱ्या जागा. गुडघ्याच्या वाटीखालचं उंचवट्याचं हाड दुखतं ते उडी, धाव आणि खो-खोत सतत बसण्या-उठण्याने. टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबल्यावर दुखते ती साधारण 8 ते 14 वयात. आझाद मैदानासारख्या टणक जमिनीवर स्पाइक्स आणि झिजलेले तळवे त्यात भर घालतात. दोन्हींत हाड मोडलेलं नसतं. सराव निम्म्यावर आणा, टाचेखाली जेलचा पॅड द्या, पोटरी आणि मांडी रोज ताणा. काही आठवडे जातील, घाई करू नका.

गुडघा दुखतो पण तिथे दाबून काहीच सापडत नाही, मूल लंगडतं आणि पाय बाहेर वळवून चालतं, तर दुखणं खुब्याचं असू शकतं. विशेषतः वजन जास्त असलेल्या दहा-सोळा वर्षांच्या मुलांत खुब्याच्या सांध्यातलं हाडाचं डोकं ग्रोथ प्लेटपाशी घसरू शकतं. अशा वेळी चालवू नका, थेट ऑर्थोपेडिककडे न्या.

वेगवान गोलंदाजाची कंबर दुखली तर मुंबईत ते सहसा उशिरा कळतं. शाळेचे सर आपली षटकं मोजतात, अकादमीचे कोच आपली, रविवारच्या मॅचची कुणीच नाही. बेरीज आईवडिलांनीच वहीत करावी, नेट्समधल्या सरावासकट. इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डाची 13 वर्षांखालील वेगवान गोलंदाजांसाठी मर्यादा एका स्पेलमध्ये (सलग टप्प्यात) 5 आणि दिवसात 10 षटकं आहे. ती इथे भित्री वाटते, पण पाठीच्या मणक्याला शाळेच्या शिल्ड स्पर्धेचं काही नसतं. पावसाळ्यात सराव तुटतो आणि ऑक्टोबरात एकदम पूर्ण जोर लागतो, म्हणून षटकं आठवड्यागणिक थोडी थोडीच वाढवा. एका पायावर उभं राहून मागे वाकल्यावर कमरेच्या एका बाजूला कळ आली तर गोलंदाजी बंद करून डॉक्टरांना दाखवा. साध्या एक्स-रेत बारीक तडा चुकतो, एमआरआय लागू शकतो.

वेदनेसाठी पॅरासिटामॉल वजनावर द्या: किलोमागे 15 मिलिग्रॅमपर्यंत, 24 तासांत जास्तीत जास्त चार वेळा. ॲस्पिरिन नको. आणि गोळी घेऊन मैदानात तर मुळीच नको.

डोक्याला मार लागून गरगरलं, गोंधळ उडाला तर त्या दिवशी पुन्हा खेळवू नका. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी किंवा गुंगी असेल तर थेट इस्पितळ.

परत खेळायला सोडताना आधी लंगड न येता चालणं, मग दुखऱ्या पायावर दहा उड्या, मग हळू धाव, वळत पळणं आणि शेवटी मॅच. प्रत्येक पायरीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी विचारा. दुखलं तर एक पायरी मागे.