मोठ्या खाण कंपनीशी भागीदारी करताना या चुका टाळा

ड्रिलिंगचे आकडे चांगले आलेत आणि बँकेत मात्र सहा महिने पुरेल एवढाच पैसा आहे. छोट्या खाण कंपन्यांची ही नेहमीची अवस्था. विक्री शून्य असल्याने कर्ज मिळत नाही, आणि नवे शेअर काढावेत तर भाव पडलेला असतो. अशा वेळी एखादी मोठी कंपनी "खर्च आम्ही करतो, हिस्सा द्या" म्हणत आली की हायसं वाटतं. मग टक्केवारीवर महिनोन्‌महिने घासाघीस होते, पण पैसा थांबला तर काय आणि निर्णय कोणाचा, ही कलमं शेवटच्या आठवड्यात उरकली जातात. माझ्या मते छोटी कंपनी फसते ती तिथेच.

बातमीतला आकडा खिशात आला असं धरून चालणं

अर्न-इन करारात मोठी कंपनी ठरलेल्या मुदतीत ठरलेला खर्च करून हिस्सा कमावते. पण हा खर्च ती करेलच असं नाही. बहुतेकदा पहिला टप्पा सोडला तर तिला कधीही बाहेर पडता येतं. अलास्कातल्या पेबल या तांबे-सोन्याच्या प्रकल्पात अँग्लो अमेरिकन या मोठ्या कंपनीने २००७ मध्ये छोट्या नॉर्दर्न डायनेस्टीशी करार केला, तो १४२.५ कोटी डॉलर खर्चून ५० टक्के हिस्सा मिळवण्याचा. सप्टेंबर २०१३ मध्ये, सुमारे ५४ कोटी डॉलर खर्चून झाल्यावर, अँग्लो बाहेर पडली. छोट्या कंपनीकडे प्रकल्प १०० टक्के परत आला, पण पुढचा खर्च कोण करणार हा प्रश्नही सोबत आला.

म्हणून किमान पहिल्या वर्षाचा खर्च बंधनकारक करून घ्या. भागीदार निघाला तर ड्रिलिंगचा सगळा डेटा आणि कोअरचे (ड्रिलिंगमध्ये काढलेल्या खडकाच्या कांड्यांचे) नमुने परत मिळाले पाहिजेत, आणि परवान्यांचं शुल्क पुढचे काही महिने भरलेलं असलं पाहिजे, हे स्पष्ट लिहून घ्या. शिवाय 'खर्च' कशाला म्हणायचं, हेही ठरवा. मुख्यालयाचा व्यवस्थापन खर्च त्यात मोजला जाणार असेल तर त्यावर मर्यादा हवीच, नाहीतर जमिनीत एक भोकही न पाडता हिस्सा कमावला जातो.

कॅश कॉलचं गणित न मांडणं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच, म्हणून इथे कागद-पेन्सिल घेऊन बसा.

समजा, भागीदाराने ७० कोटी खर्चून ७० टक्के कमावले आणि तुमचं योगदान ३० कोटी धरलं गेलं. आता जॉइंट व्हेंचर सुरू होतं, म्हणजे इथून पुढे आपापल्या हिश्श्याप्रमाणे पैसे भरायचे. ऑपरेटर, म्हणजे प्रकल्प चालवणारा, म्हणून भागीदार १०० कोटींचं बजेट मंजूर करतो. तुमच्या वाट्याला ३० कोटींचा कॅश कॉल, म्हणजे पैसे भरण्याची मागणी, येते आणि तुमच्याकडे ते नाहीत. भागीदार तुमचाही वाटा भरतो. एकूण योगदान २०० कोटी, त्यात तुमचे ३०, म्हणून हिस्सा १५ टक्के. पुढच्या वर्षी पुन्हा १०० कोटी, हिस्सा १० टक्के. त्यानंतर आणखी ५० कोटींचं बजेट आलं की ८.६ टक्के. अनेक करारांत १० टक्क्यांखाली गेलं की हिस्सा संपतो आणि हातात फक्त एक छोटी रॉयल्टी, म्हणजे खाणीच्या उत्पन्नातला ठरावीक टक्का, उरते. हे सगळं सरळ हिशेबाचं झालं. काही करारांत हिस्सा दंड म्हणून दुप्पट वेगाने घटतो.

यावर औषध सहीच्या आधीच घ्यायचं असतं. व्यवहार्यता अहवाल होईपर्यंत तुमचा वाटा भागीदाराने उचलावा, किंवा तो कर्ज म्हणून द्यावा आणि भविष्यातल्या उत्पादनातून वळता करावा. ऑस्ट्रेलियातल्या हॅव्हेरॉन या सोने-तांब्याच्या प्रकल्पात न्यूक्रेस्ट या मोठ्या कंपनीने छोट्या ग्रेटलँड गोल्डशी ६.५ कोटी डॉलरपर्यंत खर्चून ७० टक्के मिळवायचा करार २०१९ मध्ये केला होता. पुढच्या वर्षी न्यूक्रेस्टनेच ग्रेटलँडला आपला वाटा भरता यावा म्हणून ५ कोटी डॉलरचं कर्ज देऊ केलं. ग्रेटलँडचे ३० टक्के टिकले.

शेअर विकताना हक्कांची कलमं नजरेआड करणं

कधी मोठी कंपनी प्रकल्पात न येता थेट तुमचे शेअर घेते. मंगोलियातल्या ओयू तोलगोई प्रकल्पासाठी रिओ टिंटोने २००६ मध्ये आयव्हनहो माइन्सचे जेमतेम १० टक्के शेअर घेतले. पुढे हिस्सा वाढत गेला. ताबा जाऊ नये म्हणून आयव्हनहोने २०१० मध्ये भागधारक-संरक्षण योजना (कोणी ठरावीक मर्यादेपलीकडे शेअर घेतले तर इतरांना स्वस्तात नवे शेअर देणारी) आणली, पण रिओला आधीच दिलेल्या हक्कांचा त्याने भंग होतो असा निकाल लवादाने डिसेंबर २०११ मध्ये दिला. पुढच्याच महिन्यात रिओ ५१ टक्क्यांवर पोचली. हिस्सा किती टक्क्यांपर्यंत आणि किती वर्षं वाढवता येणार नाही, ती मुदत संपल्यावर काय, आणि नव्या शेअरवर पहिला हक्क कोणाचा, हे बाजारभावापेक्षा जास्त बारकाईने वाचा.

रॉयल्टी आणि ऑफटेक वाटेल तसे देणं

थोडक्यात एवढंच, की रॉयल्टी दिलीत तर ती परत विकत घेण्याचा हक्क आणि त्याची किंमत आत्ताच लिहा. ओयू तोलगोईवरची बीएचपी या बड्या खाण कंपनीची २ टक्के रॉयल्टी सोडवायला आयव्हनहोला २००३ मध्ये ३.७ कोटी डॉलर मोजावे लागले होते. आणि खाणीचं सगळं उत्पादन एकाच भागीदाराला देऊ करू नका, कारण पुढे बांधकामासाठी कर्ज काढताना तोच ऑफटेक, म्हणजे उत्पादन विकण्याचा आगाऊ करार, तुमच्या उपयोगी पडतो.

भागीदार थंड पडला किंवा विकला गेला तर

आधी किमान वार्षिक खर्चाचं कलम बघा. ते नसेल तर स्वतःच्या पैशाने एकट्याने ड्रिलिंग करण्याचा हक्क आहे का, तांत्रिक समितीची बैठक तुम्ही बोलावू शकता का, हे तपासा आणि लेखी मागणी करा. फोनवरच्या आश्वासनांना करारात जागा नसते. भागीदाराची मालकी बदलली किंवा त्याने आपला हिस्सा विकायला काढला तर तुम्हाला पहिली संधी मिळेल, हेही करारात हवं. न्यूक्रेस्ट २०२३ मध्ये न्यूमॉन्टने घेतली आणि काही महिन्यांतच हॅव्हेरॉन विक्रीला निघालं. डिसेंबर २०२४ मध्ये ग्रेटलँडने उरलेले ७० टक्के आणि ४५ किलोमीटरवरची टेल्फर खाण तिच्या प्रक्रिया प्रकल्पासह विकत घेतली.